साथीतली भीती: तुम्ही तिचं नेमकं काय केलंत?

सुपारी_अडकित्ता (धागाकर्ती)

करोनाकाळावर इथे धागे पुष्कळ निघाले. डालगोना कॉफी झाली, घरी कापलेले केस झाले, बेड आणि रेमडेसिव्हिरसाठीची वणवणही झाली. भीतीबद्दल मात्र 'तेव्हा सगळ्यांचीच टरकली होती' एवढ्यावर सगळ्यांनी उरकलंय. मला त्या वाक्याच्या आत काय होतं ते वाचायचंय.

मी २०२०-२१ मध्ये एका मदतवाहिनीवर रात्रपाळीचे फोन घ्यायचे. डॉक्टर नाही, मानसोपचारतज्ज्ञ नाही. समुपदेशनाचं जुजबी प्रशिक्षण आणि समोर एक वही, एवढंच. पहिल्या लाटेतले फोन बहुतेक 'असं केलं तर चालेल का' छापाचे. दुधाची पिशवी साबणाने धुतली, पण नळ आधी त्याच हातांनी सोडला होता, मग नळाचं काय? पेपरवर इस्त्री फिरवून वाचला तर चालेल का? आता हसू येतं. पण रात्री अडीचला ज्याला हा प्रश्न पडलाय, त्याला हसायची सोय नसते.

दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या मार्च ते मेमध्ये, आवाजच बदलले. लोक रिपोर्ट वाचून दाखवायचे. एचआरसीटी स्कोअर इतका, सीआरपी इतकं, डी-डायमर इतकं. मला यातलं कळत नाही म्हटलं तरी वाचायचे थांबायचे नाहीत. सगळं वाचून झालं की पलीकडून एक मोठा श्वास ऐकू यायचा.

आणि मरणाची भीती म्हणून जे सांगितलं जायचं, ते थोडं खरवडलं की खाली दुसरंच निघायचं. 'मला नेलं तर घरचे परत दिसणार नाहीत.' 'गेलो तर चार खांदेकरीसुद्धा मिळायचे नाहीत.' 'आईला ऐकू कमी येतं, तिच्याशी तिथे कोण बोलणार?' एका बाईंच्या वडिलांना अँब्युलन्समधून नेलं आणि चष्मा टेबलावरच राहिला. त्या ऑक्सिजनबद्दल अवाक्षर काढत नव्हत्या. बाबांना चष्म्याशिवाय भिंतीवरचं घड्याळही दिसत नाही, हेच पुन्हा पुन्हा. मग आम्ही दोघींनी मिळून चौकशी केली. तिथल्या गेटवर ठरावीक वेळेत पेशंटचं सामान घ्यायचे. चष्म्याच्या डबीवर पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर नाव, वय, वॉर्ड लिहायचं, सोबत चार्जर, आणि कागदावर मोठ्या अक्षरात घरच्यांचे नंबर. एवढं ठरेपर्यंत बाईंचा आवाज ताळ्यावर आला होता. वडिलांची तब्येत होती तिथेच होती.

माझं मत असं झालंय की 'सकारात्मक राहा' हे वाक्य साथीत निव्वळ निरुपयोगी आहे. हाताला काहीतरी काम लागलं आणि पलीकडे कुणीतरी माणूस आहे याची खात्री पटली, की भीती ओसरायची. तुमचा अनुभव उलटा असेल तर तोही लिहा. लस, राजकारण आणि कुणी काय दडवलं यासाठी दुसरे धागे आहेत, इथे कृपया नको.

कट्ट्यावरचा_भिडू

मी अजिबात घाबरलो नाही. टीव्ही बंद, व्हॉट्सअ‍ॅपचे सगळे ग्रुप म्यूट, विषय संपला. स्क्रीनच्या कोपऱ्यात चोवीस तास मेलेल्यांचा आकडा फिरवत ठेवल्यावर माणूस घाबरणार नाही तर काय करणार? भीती विकली गेली आणि लोकांनी रांग लावून घेतली. आमचे आजोबा म्हणायचे, घाबरणाऱ्याला साथ आधी धरते.

तिसरी_पाळी

भिडू, आजोबांचा मान राखून सांगते, साथ तसलं काही बघत नाही. 'मला काय होतंय' म्हणणारे तरणेताठे गडी आमच्या वॉर्डात कमी नव्हते. पण टीव्ही बंद केलात ते झकास केलंत. वॉर्डातला टीव्ही आम्हीच बंद करून रिमोट ड्रॉवरात टाकला होता.

मी नर्स आहे, कोल्हापूरकडची. खरं सांगू का, ड्युटीवर भीती वाटायला सवड नसायची. ती वाटायची घरच्या जिन्यात, चप्पल काढताना. आतून पोरगं हाक मारायचं आणि मी बाहेरूनच 'थांब, आंघोळ होऊ दे' म्हणायची. त्या पाच-सात मिनिटांत सगळं डोक्यात येऊन जायचं.

धागाकर्तीने लिहिलंय तशा पेशंटच्या सामानाच्या पिशव्या आमच्याकडे पोचायच्या. त्यात फळं असायची, अंगारा असायचा, पोथ्या असायच्या. पोथी वाचायचं त्राण बहुतेकांना नव्हतं, पण उशाशी ठेवून घ्यायचे. पीपीई किटमध्ये आम्ही सगळ्या सारख्याच दिसायचो, म्हणून छातीवर स्केचपेनने ठळक नाव लिहायला लागलो. त्या दिवसापासून पेशंट 'ओ सिस्टर'च्या ऐवजी नावाने हाक मारू लागले आणि बेलही कमी वाजवू लागले. कोण येणार हे माहीत असलं की माणूस थांबतो.

एक रिटायर्ड एसटी कंडक्टर होते. ते स्वतःचा नव्हे, शेजारच्या कॉटचा मॉनिटर बघत पडायचे. शेजाऱ्याचा ऑक्सिजनचा आकडा नव्वदच्या खाली आला की यांचा श्वास वाढायचा, यांचा वाढला की पलीकडचा घाबरायचा. सांगून बघितलं, दम देऊन बघितला. शेवटी मॉनिटरचं तोंडच फिरवलं आणि त्यांना म्हटलं, काका, ऑक्सिजन वाढावा म्हणून दर दोन तासांनी सगळ्यांना पालथं व्हायचंय आणि आम्ही दोघीच आहोत, आठवण कोण करणार? झालं. घड्याळ बघून तोंडाने 'टिंग टिंग' करायचे आणि ओरडायचे, 'चला, पालथे व्हा, गाडी सुटली!' स्वतःला ऑक्सिजन लावलेला, मधेच दम लागायचा, तरी एक वेळ चुकवायचे नाहीत. ज्या पेशंटना पालथं झोपायचा कंटाळा होता तेसुद्धा त्यांच्या धाकाने झोपायचे.

चहाबाज

एसटी कंडक्टरला दंडवत.

आमच्या सोसायटीची तऱ्हा ऐका. लिफ्टमध्ये थर्माकोलच्या तुकड्यात टूथपिका खोचलेल्या. एक काढायची, बटण दाबायचं, खालच्या डब्यात टाकायची. वॉचमनकडे हायपोक्लोराइटचा पंप. तो माणसांवरसुद्धा मारायचा, आणि लोक दोन्ही हात वर करून गोल फिरायचे. शेजारचे काका नोटा धुऊन दोरीवर चिमट्याने वाळत घालायचे. ग्रुपवर आम्ही त्यावर इतके जोक केलेत की बोलायची सोय नाही. भीती जोकमध्ये काढली हे मला तेव्हाही कळत होतं. मग बी विंगमधले एकजण गेले. त्या दिवसापासून ग्रुपवर नुसतं 'ॐ शांती' आणि हात जोडलेले. कुणालाच पहिला जोक टाकायचा धीर होईना.

थाळ्या वाजवण्याचं म्हणाल तर, २०२० च्या २२ मार्चला, जनता कर्फ्यूच्या दिवशी, पाच वाजता मीही बाल्कनीत होतो. विषाणूवर त्याचा काय परिणाम व्हायचा तो झालाच नाही. पण समोरच्या इमारतीत इतकी माणसं राहतात हे मला त्या दिवशी प्रथम कळलं.

दूरदेशी_पाखरू

न्यू जर्सीत राहतो, आईबाबा सांगलीत. मार्च २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की 'काही झालं तर चोवीस तासांत पोचतो' या हिशेबावर आपण परदेशात राहत होतो. तो हिशेबच गेला.

माझी भीती आवाक्यात राहिली ती एका तक्त्यामुळे. सांगलीतल्या सगळ्या ओळखीच्या लोकांचे नंबर एका फाइलमध्ये घातले. डबा कोण देईल, गाडी कुणाकडे आहे, सिलिंडर कुणाकडे मिळेल, रात्री फोन उचलणारे कोण. बायको म्हणायची, तू रोज तोच तक्ता उघडून नुसता बघतोस. बघत होतोच. आईबाबा फोनवर 'आम्ही एकदम मजेत' म्हणायचे आणि मीही इथे सगळं मजेत असल्याचं सांगायचो. दोन्हीकडून थापा, आणि दोन्हीकडे ठाऊक. पण फोन ठरलेल्या वेळी व्हायचा. एखाद्या दिवशी पंधरा मिनिटं उशीर झाला की माझ्या पोटात गोळा.

तापीकाठचा

आमच्या घरी करोनात १९९४ च्या सुरतच्या प्लेगचा विषय पुन्हा निघाला. आम्ही मूळ अमळनेरकडचे. खानदेशातली कितीतरी माणसं सुरतेत लूमवर आणि कापडबाजारात कामाला, वडीलही तिथेच, उधन्याला. सप्टेंबर १९९४. संध्याकाळी बातमी फुटली आणि सकाळपर्यंत स्टेशनावर पाय ठेवायला जागा नव्हती. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून गायब. खाजगी दवाखाने बंद, कारण डॉक्टरही निघून गेलेले. चार-पाच लाख लोकांनी शहर सोडलं असं तेव्हा छापून आलं होतं. माणसं दगावली पन्नासच्या आसपास.

वडील तोंडाला रुमाल बांधून गाडीत चढले. बारडोली, व्यारा, नवापूर करत नंदुरबार येईस्तोवर डब्यात कुणी कुणाशी बोललं नाही. कुणी खोकलं की सगळा डबा त्याच्याकडे बघायचा. एक माणूस खोकला दाबून दाबून रडकुंडीला आला होता म्हणे. गावात पोचल्यावर आजोबांनी त्यांना वेशीवरूनच मळ्यात नेलं. गोळ्यांचा कोर्स होईपर्यंत मळ्यातच राहायचं, भाकरी आंब्याच्या बुंध्याशी ठेवली जायची. वडील म्हणतात, प्लेगची भीती नवापूरला उतरली, पण सख्खा बाप लांब उभा राहून बोलतोय ही गोष्ट पुढे कैक वर्षं गेली नाही.

२०२० मध्ये आम्ही पुण्याहून गावी गेलो तेव्हा त्यांनी आम्हाला मळ्यातच ठेवलं. फक्त ते स्वतः खाट घेऊन अंतरावर झोपायला आले. रात्रभर आपले बोलत राहायचे, कापसाचं, पाण्याचं, कशाचंही.

जुने_दप्तर

सुरतेआधी त्याच वर्षी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगच्या गाठी आल्या होत्या हे बरेच लोक विसरतात. पण मला त्याहून मागे जायचंय, कारण धागाकर्तीचा मुद्दा तिथे जसाच्या तसा दिसतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्याच महिन्यात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. प्लेगवर राग काढता येत नाही, माणसं ज्या दारातून आत जातात आणि बाहेर येत नाहीत त्या दारावर काढता येतो. आत नेऊन मारतात ही अफवा तेव्हाची.

पुण्यात १८९७ साली रँडच्या कमिटीने सोल्जर घालून घरं तपासायला सुरुवात केली. रोगी सापडला की त्याला रुग्णालयात, घरच्यांना छावणीत, सामानाची होळी. परिणाम काय झाला? लोकांनी रोगी लपवले. माळ्यावर लपवले, मागच्या दाराने दुसऱ्यांच्या घरी नेले. २२ जून १८९७ ला गणेशखिंडीत काय झालं ते शाळेत सगळे शिकतो, पण त्याआधीच्या महिन्यांत घराघरांत जे दडपण होतं त्यावर धडा नाही. प्लेगने मरायला लोक कदाचित तयार होते, छावणीत नव्हते.

त्याच वर्षी, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. सरकारचा दवाखाना आणि हा दवाखाना यांत औषधाचा फरक फारसा नसावा, कारण प्लेगवर तेव्हा औषधच नव्हतं. कोण न्यायला येतं, एवढाच फरक.

अवांतर: १८९७ चाच साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये राज्याने पुन्हा लागू केला.

बालाघाट

दप्तर, बरोब्बर. माझी आई आशा सेविका आहे, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, अंबाजोगाईकडे. पहिल्या लाटेत घरोघर थर्मल गन आणि बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं मशीन घेऊन फिरायची. लोक दार लावून घ्यायचे. काहीजण ती यायच्या आधी क्रोसिन घेऊन बसायचे म्हणजे ताप दिसू नये. 'तपासायला नेलं की पॉझिटिव्हच काढतात, एका पेशंटमागं दीड लाख मिळतात', 'किडन्या काढून घेतात', सगळं गावभर. ज्यांच्या घरी बाळंतपणाला रात्री-अपरात्री धावली, त्यांनी तिला ओट्यावर पाणी दिलं नाही. हे तिला फार लागलं. घरी येऊन काही बोलायची नाही, नुसती भांडी घासत बसायची.

सरकारी पत्रकं वाटली, रिक्षावर भोंगा लावून सांगितलं. गाव ढिम्म. मग कोविड सेंटरमधून पहिला माणूस परत आला, पन्नाशीचा, बोलघेवडा. पारावर बसून त्याने काय सांगावं? सकाळी उकडलेली अंडी देतात, दुपारी वरण-भात-पोळी, चहा दोनदा, पंखा आहे, शेजारी आपल्याच तालुक्यातली माणसं, रात्री पत्ते. मोबाइलवर काढलेले फोटो दाखवले. किडनीचा विषय त्या दिवशीच संपला. दुसऱ्या दिवशी दोघं-तिघं आपणहून आईला म्हणाली, 'वहिनी, जरा बोट लावून बघा की त्या मशीनला.'

मरीआईचा निवदही झाला, शिवेवर. मी विरोध केला होता. आई म्हणाली, करू दे, पण वीस माणसं नको, चौघं जाऊ देत, तोंड बांधून. गेले चौघं.

कट्ट्यावरचा_भिडू

म्हणजे अंधश्रद्धेला आशाताईंनीच परवानगी दिली. छान.

बालाघाट

परवानगी दिली आणि अट घातली. तुम्ही विसाचे चार करून दाखवा मग बोलू.

ओवी_जात्यावरची

निवदावरून आठवलं. सासूबाई माळकरी, आषाढीची वारी कधी चुकवली नाही. २०२० मध्ये पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि वारी झाली नाही. पालखी निघायच्या तिथीपासून त्यांनी गच्चीत चालायला सुरुवात केली. रोज पहाटे, टाळ घेऊन. आज सासवड, उद्या जेजुरी, मग वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण. मुक्कामाचं गाव तोंडाने सांगितल्याशिवाय जेवायच्या नाहीत. नातवाने तवा-परात वाजवून रिंगण केलं.

मी स्वतः देवभोळी नाही. पण त्या दिवसांत घरात फक्त त्यांनाच 'आज कोणता वार' हे विचारावं लागायचं नाही. आम्ही बाकीचे सगळे दिवस हरवून बसलो होतो.

ताणतणाव

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, ठाण्यात प्रॅक्टिस करते. वाचत होते, आता राहवत नाही.

भिडू यांना आधी. टीव्ही बंद करणं आणि 'मला काही होणार नाही' म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बातम्या दिवसातून एकदा, ठरावीक जागेवरून घेणं हा उत्तम उपाय. धोका नाकारणं हाही एक उपायच असतो, काही दिवस चालतोही, पण त्यात माणूस ताप अंगावर काढतो. दुसऱ्या लाटेत असे उशिरा पोचलेले पुष्कळ पाहिले.

आता भीती एवढी का वाढली? पॉल स्लोविक नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं यावर बरंच काम आहे. जो धोका नवा, न दिसणारा, आपल्या हातात नसलेला, तो माणसाला आहे त्याहून मोठा वाटतो. आपल्या देशात रस्ते अपघातांत वर्षाला दीड लाखाहून जास्त माणसं जातात. त्याची भीती वाटून कुणी स्कूटर धुऊन वाळत घालत नाही (चहाबाजांच्या काकांची क्षमा मागून). कारण हँडल आपल्या हातात आहे असं वाटतं. धागाकर्ती ज्याला 'हाताला काम' म्हणते ते हेच, नियंत्रणाचा एक छोटा तुकडा परत मिळवणं. फक्त एक मेख आहे. काम खरं हवं. तक्ता करणं हे काम, पण तोच तक्ता रोज उघडून बघणं ही भीतीचीच चाकरी.

ऑक्सिमीटरचं तसंच. माझ्याकडे आलेले कित्येकजण दर दहा मिनिटांनी बोट घालायचे. ९७ आला की हायसं वाटतं, पण ते टिकतं पाच मिनिटं. मग शंका येते, यंत्र बरोबर आहे ना? बोट गार होतं का? नेलपॉलिश होतं का? पुन्हा बघायचं. प्रत्येक वेळी बघून बरं वाटतं म्हणूनच सवय घट्ट होते. आणि यातला छळ असा की यंत्र खरोखर उपयोगाचं होतं. करोनात काहींचा ऑक्सिजन उतरलेला असूनही दम लागत नसे, ते निवांत बोलत असत. उलट घाबरून छाती भरून आलेल्या माणसाला वाटायचं आता श्वास संपला, आणि आकडा ९८. नुसत्या जाणिवेवर विसंबता येत नव्हतं, दोन्हीकडून. म्हणून मी सांगायचे, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळाच पाळा, आकडा वहीत लिहा, सहा मिनिटं चालून पुन्हा बघा, ९४ च्या खाली गेला तर फोन करा. मधल्या वेळात यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात.

झोप न येणाऱ्यांसाठी 'चिंतेची वेळ' ठरवायचे. संध्याकाळी अर्धा तास, खुर्चीत बसून, कागद घेऊन, मनसोक्त चिंता करायची. रात्री विचार आला की त्याला उद्याची वेळ द्यायची. लोक हसायचे, पण करून बघितल्यावर पुन्हा येऊन सांगायचे. आणि श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष, सोडणं लांबवायचं.

कट्ट्यावरचा_भिडू

हे पटलं. बाकी माझं घाबरण्याबद्दल... माझ्या वडिलांना वाफ घ्यायची सवय लागली होती, दिवसातून सहा-सात वेळा. तोंड भाजून घेतलं तरी थांबेनात. मी त्यांच्यावर ओरडायचो. रोज. आता वाचताना वाटलं की ओरडणं हे माझं वाफ घेणं होतं. असो.

अबोली

कमी लिहिते. एप्रिल २०२१ मध्ये नवरा गेला. तोपर्यंत मला सगळ्या प्रकारची भीती वाटून झाली होती, यादी करता येईल. गेल्यावर काही दिवस भीती अजिबात नव्हती. लोकांना वाटलं मी खंबीर आहे. ती परत आली दीड वर्षाने, सगळं सुरळीत झाल्यावर. रात्री फोन वाजला की हात गार. मुलाला साधी सर्दी झाली की मी त्याच्या खोलीबाहेर उभी. दहावा व्हिडिओ कॉलवर झाला होता. भटजी एका चौकटीत, दीर एका चौकटीत, आणि मधेच कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी.

मला कुणी 'आता किती वर्षं झाली' असं म्हटलं की पुढचं काही ऐकू येत नाही. बाकी धागा चांगला आहे. कंडक्टरकाका आवडले.

ताणतणाव

अबोली, उशिरा येणारी भीती ही फार लोकांची गोष्ट आहे. धोका चालू असताना मन कामाला लागतं आणि सुरक्षित झाल्यावर बिल येतं. त्यात तुमचं काही चुकलेलं नाही, वर्षं मोजून ते जातही नाही. त्या दिवसांचं सविस्तर कुणाशी बोलणं झालं नसेल तर बोलून बघा. माझ्याकडेच या असं म्हणत नाही. टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

धायरीकर

सिंहगड रोडवाला. जानेवारी २०२५ मध्ये आमच्याकडे जीबीएस आला, गुलियन-बॅरे नावाचा नसांचा आजार. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी. चांगली चालती माणसं पायातलं बळ जाऊन आयसीयूत. बातमी आली त्या रात्री मी बायकोला विचारलं, पाय जड वाटतायत का? तिने विचारलं, तुला? मग दोघंही अर्धा तास खोलीत टाचांवर चालून बघत होतो.

पण ही भीती करोनासारखी पसरली नाही आणि मला त्याचं कारण या धाग्यावर सापडलं. आठवड्याभरात कळलं की पाण्याचा संशय आहे. पाणी उकळा, कच्चं आणि बाहेरचं खाऊ नका. गल्लीतल्या प्रत्येक घरात पातेलं चढलं. टँकरवाल्याला लोक जाब विचारू लागले, टाकी कधी धुतली, क्लोरीन टाकलं का. भांडणं झाली, पण माणसं एकत्र येऊन भांडत होती. करोनात आम्ही एकमेकांपासून पळत होतो. इथे शेजारी धोका नव्हता, नळ होता.

सुपारी_अडकित्ता

धायरीकर, 'शेजारी धोका नव्हता' हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. माझं 'हाताला काम' हे अर्धंच झालं मग. नोटा धुणारे काकाही काम करतच होते, आणि रात्री अडीचचे फोन करणारेही. माणसापासून लांब नेणारं काम केल्यावर भीती वाढायची, माणसापर्यंत पोचवणारं केल्यावर उतरायची, असं काहीसं असावं. आशाताईंना ओट्यावर पाणी न देणाऱ्यांच्या घरात भीती कमी झाली असेल असं मला वाटत नाही.

दप्तर, 'कोण न्यायला येतं' यावर स्वतंत्र लिहा ना. १९१८ च्या मानमोडीबद्दलही (इन्फ्लुएन्झाची साथ) घ्या, त्या साथीचं आपल्या घराघरांत इतकं कमी का सांगितलं जातं हे मला कळलेलं नाही. पणजोबांच्या पिढीत एक घर नसेल जिथे कुणी गेलं नाही.

अबोली, लिहिलंत, बरं झालं.

जुने_दप्तर

मानमोडीवर लिहितो, पण दिवाळीनंतर. साहित्य गोळा करतोय.

चहाबाज

ताणतणाव ताई, एक प्रश्न, अगदी घरगुती. वडील अजूनही रोज सकाळी ऑक्सिमीटर लावतात. तब्येत ठणठणीत, वय ७८. आकडा कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाच्या शेजारी लिहितात. काढून घ्यावं का?

ताणतणाव

दिवसातून एकदाच लावतात? लावून झाल्यावर विसरतात? एखाद्या दिवशी राहिलं तर बेचैन होतात का?

चहाबाज

एकदाच. लावलं की पेपर वाचायला घेतात. मागे गावी जाताना यंत्र घरीच राहिलं तर काही बोलले नाहीत.

ताणतणाव

मग राहू दे. दात घासण्याच्या रांगेतली गोष्ट झाली ती. काढून घेतलंत तर उलट विचारात पडतील की याला माझ्याबद्दल काय कळलंय. एकावरून दोनदा, तीनदा व्हायला लागलं, तर मात्र सांगा.

चहाबाज

बरं. सेल संपले की मलाच आणायला पाठवतात तसेही.